मिऱ्याची जोडणी : चार झाडं

विषय : कु. मनीषा दत्ताराम मयेकर, राहणार मिऱ्या, यांच्या घरी इंटरनेटची जोडणी देण्याबाबत.

संदर्भ : १) त्यांचा अर्ज. २) अर्ज देताना त्यांनी तोंडी घालून दिलेली मुदत : अक्षय्य तृतीया.

उपरोक्त विषयास अनुसरून प्रथम नमूद करतो की, किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावर मोडक्या छत्र्या जमतात तसे ते जमतात. टाकवत नाहीत आणि उपयोगाचेही नसतात. सरकारी कचेरीत आवक-जावक बारनिशीवर मी तीस वर्षं काढली, तिथे जेमतेम दहा-बारा जमले. निवृत्तीनंतर विनायकच्या कंपनीत एकच चैत्र काढला, त्यात तेवढेच!

विनायक आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. पुण्याला इंजिनिअर झाला, रत्नागिरीला परत आला आणि घरोघरी इंटरनेट द्यायला लागला. साल दोन हजार चारच्या आसपासचं. कंपनीचं नाव 'सुरंगी नेट', कचेरी एका खोलीची. विजेच्या खांबांवरून तार न्यायला परवानगी नव्हती, म्हणून आमची तार जायची झाडावरून झाडावर. माड, आंबा, फणस, जे उंच असेल ते. गिऱ्हाईक किती लांब आहे, हे आम्ही मीटरमध्ये सांगत नसू. 'चार झाडं' म्हटलं की विषय संपला.

मनीषाचं घर चार झाडंच होतं.

तिचे वडील दत्ताराम मयेकर स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य, म्हणून सगळे त्यांना दत्ताराम तांडेलच म्हणत. आई सुमनताई बाजारात मासे विकायच्या. मनीषा बी.एस्सी. झालेली, शिकवण्या करून तिने सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता. तिला गुहागरचं स्थळ आलं होतं. मुलगा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. त्याला रजा मिळणार ती एकदम लग्नालाच. मुलाकडच्यांनी सांगून ठेवलं होतं, "अक्षय्य तृतीयेपर्यंत होय की नाही कळवा, नाहीतर हेदवीची मुलगी पक्की करतो."

"त्यानं माझा फोटो बघितला, पत्रिका बघितली, बाबांची बोटसुद्धा बघितली," मनीषा आमच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली. "आणि मी काय बघितलं? पासपोर्ट साइझ फोटो! त्यात सगळेच सज्जन दिसतात. कॅमेऱ्यावर बघितल्याशिवाय, बोलल्याशिवाय मी होय म्हणणार नाही."

"मग सायबर कॅफेत जा ना," विनायक म्हणाला.

मागून दत्ताराम तांडेल गरजले, "पडद्यामागच्या खोक्यात बसून माझी पोर नवरा बघणार नाय! काय बघायचा तो आमच्या ओटीवर, चारचौघांत!"

अर्ज दाखल करून घेतला. अक्षय्य तृतीयेला महिना होता.

* * *

त्याच आठवड्यात विनायकने मला गिऱ्हाइकांसाठी वसंताचं पत्रक काढायला सांगितलं. "कंपनीच्या बातम्या, आणि घरातल्या यंत्रांची काळजी कशी घ्यावी याच्या टिपा. पण काका, जरा फ्रेश लिहा हं!"

मी लिहिलं : 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, वसंत ऋतू सुरू झालेला आहे.'

विनायकने ते दोनदा वाचलं. "काका, हे वाचून असं वाटतं की वसंत आपल्या मंजुरीनं आलाय."

"मंजुरीशिवाय आला असता तर मी कळवलं नसतं," मी म्हणालो.

* * *

पहिलं झाड लेले मास्तरांचा माड. मास्तर निवृत्त गणित शिक्षक आणि आमचे जुने गिऱ्हाईक. तिथपर्यंत तार आधीच पोचलेली होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एका सकाळी मिऱ्याच्या बाजूचं सगळं इंटरनेट गेलं.

विनायक दोन तास कॉम्प्युटरपुढे बसून काहीतरी शोधत होता. मला त्यातलं कळत नाही, म्हणून मी आपला चालत मास्तरांच्या घरापर्यंत गेलो आणि वर बघितलं. माडावर बाबू पाडेली. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा माणूस. कमरेला कोयता, खाली सुक्या झावळ्यांचा ढीग, आणि ढिगातून डोकावणारी आमची तार!

"बाबू, तार तोडलीस?"

"तार नाय तोडली," वरून आवाज आला. "झावळी तोडली. तार तिच्यात होती."

"मग दिसली नाही?"

"दिसली ना. मी वीस वर्षं ह्या माडावर चढतोय. ती कालची. वाट कुणी सोडायची?"

विनायकने त्याच दिवशी बाबूला कंपनीत लाइनमन म्हणून घेतलं. बाबूने एकच अट घातली : दर झाडामागे एक नारळ, रिवाजाप्रमाणे. आंब्यावर चढलो तरी नारळच!

एवढ्यात लेले मास्तर बाहेर आले आणि त्यांना पहिल्यांदाच कळलं, की आपल्या माडावर तार होती. "मला विचारलंत?" कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मी एक फॉर्म तयार केला, 'संमतीपत्रक, वृक्षनिहाय'. झाडाचा क्रमांक, झाडाची जात, मालकाचं नाव, सही. विनायक म्हणाला, "काका, कशाला हा व्याप?" मी म्हटलं, कागद असला की माणूस भांडत नाही, फक्त सही करत नाही.

लेले मास्तरांनी मात्र केली. पण एक तक्रार जोडूनच. "तुमचा मोडेम तापतो. म्हणून मी त्याची सोय केली, तर आता चालतच नाही."

आत गेलो. मास्तरांनी मोडेम माठाच्या झाकणीवर ठेवला होता आणि वर ओला पंचा पिळून घातला होता! पत्रकात पहिली टीप गेली : 'मोडेम कोरड्या व हवेशीर जागी ठेवावा. माठ ही जागा हवेशीर आहे, कोरडी नाही.'

मास्तरांनी पत्रक वाचून फोन केला. "टीप उत्तम आहे. कुणा मूर्खासाठी लिहिलीत?"

* * *

दुसरं झाड बापू केतकरांचं हापूसचं कलम. बापू बागायतदार. चैत्रात त्यांच्या घरात माणसांना बसायला जागा नसते, सगळीकडे पेंढ्यात आंबे. मुलाने मुंबईहून पाठवलेला कॉम्प्युटर त्यांनी अगदी पिकत घातलेल्या आंब्यांच्या अढीला लावून ठेवला होता. दिवसभर चालू. पडद्यावर काहीच नाही.

"बापू, हा चालू का ठेवलात? वापरत तर नाही."

"वापरतो तर! त्या डब्याच्या मागून गरम वारा येतो. त्या बाजूचे आंबे दोन दिवस आधी पिकतात. तुमचं ते नेट असो-नसो, डबा बंद पडता नये."

मी पत्रकासाठी 'संगणकाभोवती हवा खेळती ठेवावी' असं लिहून घेतलं आणि पुढे 'व आंबे ठेवू नयेत' असं लिहिणार होतो. पण फॉर्मवर सही हवी होती. नाही लिहिलं.

सहीला बापू तयार नव्हते. "झाडावर फळ आहे. तुमच्या तारेतून काय काय वाहतं ते मला माहीत नाही. फळगळ झाली तर? आंबा उतरू दे, मग मेअखेर या."

मेअखेर म्हणजे मनीषाचा नवरा हेदवीला गेला असता.

"फळगळ होत नाही," मी म्हणालो.

"लेखी द्याल?"

कचेरीत येऊन मी कंपनीच्या लेटरहेडवर टाइप केलं : 'प्रमाणित करण्यात येते की, इंटरनेटच्या तारेमुळे हापूस आंब्याची फळगळ होत नाही.' सही, शिक्का.

विनायकने कपाळाला हात लावला. "काका, असलं सर्टिफिकेट कोण देतं?"

"आपण."

बापूंनी ते फ्रेम करून ओटीवर लावलं आणि फॉर्मवर सही ठोकली. आठवडाभरात आणखी तीन बागायतदार कचेरीत येऊन तसंच प्रमाणपत्र मागून गेले. त्यांतल्या एकाकडे तर तार जातही नव्हती! दुसऱ्याने जरा बाजूला घेऊन विचारलं, "गळ होत नाय ते झालं. पण फळ वाढतं का?"

* * *

तिसरा माड देवळाचा. मी फॉर्म घेऊन शांताराम गुरवांकडे गेलो. ते देवळाची पूजाअर्चा बघायचे. फॉर्म त्यांनी लांब धरून वाचला आणि परत दिला.

"मालकाचं नाव इथे देवाचं घालायला होवं. मी कोण सही करणारा? देवाला विचारूया."

म्हणजे कौल. देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, जागा, बोटीची खरेदी, आमच्याकडे सगळं असंच ठरतं. इंटरनेटची पाळी पहिल्यांदाच आली.

देवळात मयेकर मंडळी, बाबू, विनायक आणि मी. गुरव मोठ्यानं म्हणाले, "देवा महाराजा! मयेकराच्या पोरीची तार तुझ्या माडावरून न्यायची हाय. मस्कतचा मुलगा बघायचा हाय. मुलगा कसा ते तुला ठाऊक हाय, पण पोर म्हणते मी स्वतः बघणार. तर तार जाऊ दे की नको, काय तो कौल दे!"

पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटं काही नाही. मनीषा ओठ चावत उभी होती. विनायकने कधी हात जोडले, ते त्यालाही कळलं नसावं. शेवटी एक पाकळी हलली, सरकली, आणि उजवी पडली!

"युनिव्हर्सिटीच्या रिझल्टलासुद्धा मला एवढं टेन्शन नव्हतं!" विनायक बाहेर येऊन पायरीवर बसला.

मी फॉर्म पुढे केला. "गुरव, आता सही."

"अहो, देवानं कौल दिलान! आता वर सही कुणाची होवी?"

त्यांचं बरोबर होतं. मी सहीच्या रकान्यात लिहिलं : 'कौल, उजवा.' तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वरच्या पातळीवरची मंजुरी माझ्या हातून गेली नव्हती.

* * *

चौथा माड सगळ्यांत सोपा वाटला होता. मालक डोंबिवलीला. मी रजिस्टर पत्र धाडलं. 'आपल्या मालकीच्या मिऱ्या येथील माडावरून तार नेण्यास आपली हरकत नसल्यास सोबतच्या फॉर्मवर सही करावी.'

दहाव्या दिवशी उत्तर आलं. फॉर्म कोराच. कचेरीत बाबू आणि दत्ताराम तांडेलही बसले होते. विनायकने पत्र मोठ्यानं वाचलं :

'मिऱ्याला माझ्या नावावर माड आहे, हे आपल्याकडून कळल्याने अतिशय आनंद झाला. वडील गेल्यापासून बावीस वर्षे मी तिकडे आलेलो नाही. तरी या बावीस वर्षांतील नारळ कोणी उतरविले व त्यांचे काय झाले, हे प्रथम कळवावे. संमतीचे त्यानंतर पाहू.'

बाबू उठला. "तार जरा बघून येतो," म्हणाला आणि निघून गेला.

मी दत्ताराम तांडेलांकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "आख्ख्या वाडीच्या कढीत त्याचा नारळ पडलेला हाय! देवळातल्या प्रसादातसुद्धा!"

उत्तर काय लिहायचं, यावर वाडीत दोन बैठका झाल्या. पहिलीत ठरलं, की माडाला नारळ लागतच नाहीत असं कळवावं. दुसरीत कुणीतरी म्हणालं, की मग तो माड तोडायला सांगेल. उत्तर राहिलं ते राहिलंच. अक्षय्य तृतीयेला तीन दिवस उरले होते.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मयेकरांच्या परसात नऊ-दहा माणसं जमलेली दिसली. तांडेलांच्या बोटीवरचे सगळे खलाशी. पडवीच्या वर वर्षानुवर्षं आडवी ठेवलेली एक लांबलचक काठी त्यांनी खाली घेतली होती. तांडेलांच्या वडिलांच्या शिडाच्या मचव्याची डोलकाठी! मचवा केव्हाच मोडला होता, काठी जपून ठेवलेली.

"देवळाच्या माडावरून तार सरळ हिच्यावर घ्या," तांडेल म्हणाले. "मधला तो डोंबिवलीकर गेला उडत."

जांभ्या दगडात खड्डा खणला. नऊ जणांनी "हैऽस्सा! हैऽस्सा!" करत काठी उभी केली. माडापेक्षा हातभर उंच! शेजारच्या बायका पदर डोक्यावर घेऊन बघत होत्या. एकीने तर वाटीत हळद-कुंकू आणून काठीला लावलं. बाबू वर चढला, तार बांधली आणि वरूनच ओरडला, "हिच्यावरून मस्कत दिसतंय!"

मी फॉर्म काढला. "तांडेल, हे डोलकाठीचं काय लिहू? मालकाची सही?"

"काठी बापाची. बाप वर गेला. विचारून येता?"

मी फॉर्म पिशवीत ठेवला. विनायक म्हणाला, "काका, चौथं झाड खोडून टाका. आता आपली तार त्यावरून जातच नाही."

पण फॉर्मवर झाड क्रमांक चार शाईनं लिहिलेलं होतं. झाड जागेवर उभं असताना कागदावरून तोडायचं, हे माझ्याच्यानं झालं नाही.

* * *

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मयेकरांच्या ओटीवर कार्यक्रम ठरला. कॉम्प्युटर स्टुलावर, त्यावर विनायकचा कॅमेरा. खुर्चीत मनीषा, तिच्यामागे तांडेल, सुमनताई, आत्या, शेजारीपाजारी. मी आणि विनायक तारेचे मानकरी, म्हणून आम्हाला सतरंजी.

पडद्यावर मुलगा आला. नाव सुधीर. इस्त्रीचा शर्ट, मागे लोखंडी पलंग. चित्र हलत नव्हतं, सरकत होतं. दर चार-पाच सेकंदांनी त्याचं तोंड नव्या जागी दिसायचं. आवाज तुटक, पण कळायचा.

मनीषानं पदर सारखा केला नाही की मान खाली घातली नाही. सरळ सुरुवात केली.

"नाव?"

"सुधीर."

"पूर्ण सांगा."

त्यानं पूर्ण सांगितलं. आत्या पुटपुटल्या, "ही मुलगा बघतेय की मुलाखत घेतेय?"

"शिक्षण?"

"आयटीआय."

"गाता येतं?"

बराच वेळ तोंड एकाच जागी राहिलं. मग उत्तर आलं, "नाही."

"जेवण कोण करतं तिकडे?"

"आम्ही चौघं रूमवर. पाळीपाळीनं."

"मासे?"

"मासे मीच करतो. बाकीच्यांना साफ करता येत नाहीत."

"तुम्हाला येतात?"

"हो."

"दाखवा," मनीषा म्हणाली.

पडद्यावर सुधीर एकदा इकडे दिसला, एकदा तिकडे, आणि मग दिसलाच नाही. रिकामी खुर्ची.

"गेलान!" सुमनताई म्हणाल्या. "उठून गेलान! काय तो सवाल गो तुझा! हेदवीवाल्यांचं नशीब उघडलं."

तांडेलांनी विनायकला विचारलं, "तार तुटली का ओ?" त्यांच्या आवाजात आशा होती.

विनायकनं मोडेमचा डबा बघितला, त्याचे दिवे बघितले. "तार चालू आहे."

चालूच होती. खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी टॉवेल टाकलेला होता. तो पंख्याच्या वाऱ्यानं दर चार सेकंदांनी वेगळ्या जागी दिसत होता. मनीषा त्या टॉवेलाकडे बघत बसली होती. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. पाच मिनिटं झाली. शेजारच्या एक बाई हळूच उठून चपला शोधायला लागल्या.

आणि खुर्ची भरली! सुधीरच्या एका हातात लाकडी फळी, दुसऱ्या हातात सुरी, फळीवर दोन बांगडे. धाप लागलेली.

"फ्रीजरमधले आहेत," तो म्हणाला. "पाण्याखाली धरावे लागले. अजून जरा कडक आहेत."

आणि तो बांगडा साफ करायला बसला. कॅमेरा त्यानं खाली वाकवला. चित्र सरकत होतं : सुरी, मग पोट, मग हात, मग शेपटी. ओटीवर पंचवीस माणसं, सगळ्यांची नजर त्या सुरीवर. तांडेल पुढे वाकले होते. सुमनताईंनी मात्र कोपरानं मुलीला बाजूला केलं, चष्मा वर सरकवला आणि पडद्याला नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या. उभा जन्म बाजारात मासे कापण्यात गेलेली बाई.

"कल्ले राहिले," त्या म्हणाल्या.

चार सेकंद गेले. मस्कतमध्ये सुधीरनं मान खाली घालून फळीकडे बघितलं.

"हो की, आई," तो म्हणाला.

मनीषा उठून आत गेली. आतून स्टोव्हला पिन मारल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळानं तिनं सगळ्यांना चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुहागरला होकार कळवण्यात आला. मिऱ्याची जोडणी व्यवस्थित सुरू आहे. कु. मयेकर यांचा अर्ज, झाड क्रमांक चारच्या मालकाची संमती प्राप्त न झाल्यामुळे, अद्याप प्रलंबित आहे.